खासगी जमिनीवरचा वन्यजीवांचा अधिवास: ठेकेदारांना शिकवताना या चुका टाळा

प्रशिक्षणाला ठेकेदार येतो, करवत मात्र मजुराच्या हातात असते. निम्मी कामं इथेच बिघडतात. मुकादम, यंत्रचालक आणि फवारणी करणारा, तिघेही हवेत. आणि वर्ग सभागृहात नको, जिथे काम व्हायचंय त्याच तुकड्यावर भरवा.

काय ठेवायचं ते न सांगणं
‘झुडपं काढा’ एवढंच सांगितलं की वाळकी उभी झाडंही जातात, कारण ती घाण दिसतात. ढोलीत राहणारे घुबड, सुतारपक्षी, वटवाघळं त्यांच्यासोबत बेघर होतात. राखायच्या झाडांवर छातीच्या उंचीला चारही बाजूंनी रंगाचे पट्टे मारा. एकाच बाजूची खूण उलट दिशेने येणाऱ्या यंत्रचालकाला दिसत नाही.

घाणेरीचं (लँटाना) झुडूप जमिनीलगत कापणं
ती फुटणारच, आणि एका खोडाच्या जागी चार-पाच येतील. खोड आणि मूळ जुळतात त्या जोडाच्या खाली, मातीत काही सेंटिमीटर आत मूळ तोडायचं. मग झुडूप उपटून मुळं वर करून वाळत ठेवायचं.

खुंटाला उशिरा औषध लावणं
सकाळभर कापणी आणि जेवणानंतर औषध, हा नेहमीचा घोळ. पाण्यात मिसळलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक कापल्यावर काही मिनिटांतच लागलं पाहिजे. नंतर कापलेला भाग सुकतो आणि औषध आत जात नाही. एकाने कापायचं, दुसऱ्याने मागोमाग ब्रशने लावायचं, अशी जोडी करा. आधी भुसा पुसा. मोठ्या खुंटाच्या मधल्या लाकडावर औषध ओतणं वाया जातं. जिवंत थर सालीला लागून असतो, कडेचं कडं भिजलं की पुरे. औषधात रंग मिसळला की सुटलेला खुंट लगेच कळतो. एकाच बाजूने फुटवा आला, तर आधी कड्याची ती बाजू राहिली होती का ते विचारा. औषध बदलायची घाई नको.

पंप न मोजता फवारणी
१० × १० मीटरचा चौकोन आखा. पंप खुणेपर्यंत साध्या पाण्याने भरा, नेहमीच्या चालीने फवारा, मग त्याच खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागलं ते मोजा. ४ लिटर लागलं तर हेक्टरी ४०० लिटर. म्हणजे १६ लिटरचा पंप ४०० चौरस मीटरला पुरतो. तेवढ्या जागेचंच औषध टाकीत घाला. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून मोजणीही प्रत्येकाची वेगळी.

कडेकडून आत गवत कापणं
ससे, पिल्लं मधे कोंडतात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली येतात. मधून बाहेर कापत या, पातं १०–१५ सेंटिमीटर वर ठेवा, आणि जमिनीवर घरटी असतात त्या काळात यंत्र आणूच नका. एका वर्षी एक तृतीयांश गवत कापलं तरी चालतं. दुसऱ्या जमिनीवरून आलेल्या यंत्राची चाकं आणि पाती आत येण्याआधी धुऊन घ्या. तणाचं बी चिखलातूनही येतं.

मजुरी नुसती हेक्टरवर ठरली की घाई होते, आणि घाईत रंगाचे पट्टे कोण बघतो? शेवटचा हप्ता पुढच्या हंगामातली फुटव्याची पाहणी होईपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट करारातच लिहा.