नाताळला जोडप्यांना द्यायला स्वस्तातले हॅम्पर

२५ डिसेंबरला ऑफिसमधल्या नाहीतर सोसायटीतल्या दोन-चार जोडप्यांना काहीतरी द्यायचंच असतं पण बजेट चारशे-पाचशेच्या वर न्यायचं नसतं, तर तयार हॅम्परच्या नादी लागू नका, बरेचसे पैसे टोपली आणि चमचमत्या कागदाचेच जातात. त्यापेक्षा एकच थीम धरा, दोघांना एक संध्याकाळ पुरेल एवढीच. पास्ता नाईट म्हणा, पेनेचं एक पाकीट, सॉसची बाटली, ओरेगॅनो-चिली फ्लेक्सच्या डब्या, झालं काम. किंवा चहावाले असतील तर मसाला चहा, खारी आणि दोन कटिंगचे ग्लास.

नाताळचाच फील हवा असेल तर कुलकुल (तळलेले छोटे गोड शंख), नेवऱ्या (म्हणजे करंज्या) आणि छोटा प्लम केक. ठाण्यात ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिश्चनांची घरं आहेत, घरगुती ऑर्डर घेणारं कुणीतरी ओळखीत निघतं, फक्त आठवडाभर आधी सांगा. सुका मेवा वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारातून नाहीतर ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून सगळ्यांचा एकदम आणा आणि घरी वाटून भरा.

केक घेताना अंडं आणि रम विचारायचंच हं! मी एकदा विसरले आणि प्युअर व्हेज जोडप्याला अंड्याचा दिला, त्यांनी हसत घेतला आणि तो गेला वॉचमनकडे. पाकिटावरचं हिरवं चिन्ह बघा, एक्सपायरी पण, डिसेंबरच्या ऑफरमधे जानेवारीत संपणारा माल असू शकतो. टोपलीऐवजी स्टीलचा डबा द्या, नंतर पोहे भरायला होतो.