सह्याद्रीतले खडक ओळखताना या चुका टाळा

सर्वात जास्त फसवतो तो बाहेरचा रंग. पावसात आणि उन्हात काळ्या दगडातलं लोह गंजतं, वर तपकिरी साल चढते, आणि एकच बेसॉल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा दगड) दोन वेगळे दगड वाटतो. म्हणून सुट्या दगडाचा कोपरा हातोडीने उडवा (चष्मा घालूनच) आणि ताजा भाग १० पट भिंगातून पाहा. किल्ल्याच्या किंवा लेण्याच्या दगडाला मात्र हात लावू नका.

घाटातल्या आडव्या पायऱ्या पाहून बरेच जण ‘गाळाचे थर’ म्हणतात. ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. खात्री करायची तर एकाच थरात खालून वर पाहत जा. मधला भाग घट्ट असतो आणि माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांची भोकं वाढतात. दोन थरांमध्ये कधी लाल मातकट पट्टा सापडतो. खालच्या थराचा माथा पुढचा लाव्हा येईपर्यंत उघडा पडून झिजला, त्याची ती खूण.

भोकं दिसली की ज्वालामुखीचा दगड, हा हिशोब कोकणात चुकतो. जांभ्यालाही भोकं असतात, पण तो लाव्हा थिजून बनलेला नाही. मूळ खडकातली सिलिका पावसाच्या पाण्याने वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून तो जागच्या जागी घडला. बेसॉल्टची भोकं गोल किंवा लांबट बुडबुड्यांसारखी असतात. जांभ्याची वेडीवाकडी, नळ्यांसारखी, आत बहुधा पिवळट माती. जांभा फरशीच्या खरखरीत पाठीवर घासला तर तांबूस-पिवळी रेघ उमटते. ताज्या बेसॉल्टची तशी उमटत नाही.

बेसॉल्टच्या भोकांत भरलेल्या पांढऱ्या खनिजाला सरसकट गारगोटी म्हणू नका. आधी पोलादी चाकूने ओरखडा. गारगोटीवर चरा पडत नाही, कॅल्साइट (चुनखडकातलं मुख्य खनिज) आणि स्टिलबाइटसारख्या झिओलाइटवर (रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा गट) पडतो. मग ओरखड्याच्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. कॅल्साइट फसफसतो, झिओलाइट नाही. थेंब खनिजाच्या भुकटीवरच पडू द्या. भोकातला कॅल्साइट फसफसला म्हणून अख्ख्या दगडाला चुनखडक ठरवणं ही नेहमीची चूक आहे.

मुरमात अडकलेले गोल धोंडे नदीने घडवले असंही समजलं जातं. धोंड्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर तो तिथेच झिजून गोल झालाय: भेगांमधून शिरलेलं पाणी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजवतं. नदीचा गोटा गुळगुळीत असतो, त्याला पापुद्रे नसतात, आणि शेजारी वेगळ्या जातीचे गोटेही सापडू शकतात.