लहान मुलांच्या समूहगानाला माइक कुठले घ्यायचे आणि कुठे लावायचे

डिसेंबर आला की गॅदरिंगचा सीझन सुरू होतो आणि ठरलेला प्रश्न येतो, ३५-४० मुलं समूहगान म्हणणार आहेत, माइक किती सांगू? मंडपवाला म्हणतो दहा लावू, मुलं जास्त आहेत ना. नका लावू. चालू माइक दुप्पट झाले की सिस्टीम शिट्टी मारायच्या (फीडबॅक यायच्या) आधी जेवढा आवाज काढता येतो तो साधारण ३ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) कमी होतो. म्हणजे २ चे ८ केलेत तर ६ डीबी गेले, वर प्रत्येक माइकात पंख्याची घरघर आणि चपलांचे आवाज वेगळेच. ४० मुलांना ३ माइक भरपूर झाले, २० ते २५ असतील तर २. दीडशे-दोनशे खुर्च्यांचा बंद हॉल असेल आणि मुलं मोकळ्या गळ्याने गात असतील तर आधी माइकशिवाय एकदा ऐका, खूपदा पेटी-तबला थोडा खाली आणला की काम होतं.

आता कुठले माइक. श्युअर कंपनीचा एसएम ५८ हा हातात धरायचा माइक सगळ्यांकडे असतो, १९६६ पासून जगभर चालतोय आणि तोंडाजवळ धरून एकट्याने गायला उत्तमच आहे, पण तीन-चार फुटांवरचा कोवळा आवाज उचलणं त्याचं काम नाही. तेवढ्या लांबून मुलं ऐकू येईपर्यंत गेन (माइकचा आवाज मिक्सरवर वाढवायचं बटण) वाढवला की सिस्टीम आधीच कोकलायला लागते. समूहगानाला छोट्या डायफ्रामचे (आवाजाने हलणाऱ्या पडद्याचे) कंडेन्सर मागा, लांबचा बारीक आवाजही उचलणारे, पेन्सिलसारखे बारीक माइक असतात ते, कार्डिऑइड पॅटर्नचे, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारे. रोड एनटी ५, श्युअर एसएम ८१ असलं काहीही चालेल, पण सगळे एकाच मॉडेलचे घ्या. यांना मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागते आणि ती दोन्ही टोकांना कॅनन पिन (तीन पिनांची, एक्सएलआर) असलेल्या केबलमधूनच पोचते. मंडपवाल्याकडे एका बाजूला पी-३८ (गिटारला असते तशी जाड जॅक पिन) लावलेल्या वायरी पुष्कळ असतात, त्यावर कंडेन्सर मुकाच राहणार, म्हणून केबल आदल्या दिवशीच बघून घ्या. कॉलर माइक मुलांना लावू नका, तो वेळ आणि पैसा दोन्ही वाया.

स्पीकर माइकांच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. स्पीकर माइकांच्या मागे ठेवून जगातला कुठलाही माइक लावलात तरी शिट्टी येणारच.

यापुढचा टप्पा खरा अवघड, मलाही यानेच सगळ्यात जास्त झुंजवलंय. उंची आणि रोख.

नेहमी दिसतं ते असं की माइक पहिल्या रांगेच्या तोंडासमोर दोन फुटांवर सरळ उभा. मग ऐकू काय येतं, तर मधली तीन मुलं, आणि त्यातलं एक जरा बेसूर असेल तर अख्खा वृंद बेसूर वाटतो. मागच्या रांगेतली मोठी मुलं जीव तोडून गात असतात, त्यांचा पत्ता नाही. साधा हिशोब बघा. पहिली रांग माइकपासून २ फुटांवर आहे आणि तिसरी ७ फुटांवर, म्हणजे दोघींच्या आवाजात जवळजवळ ११ डीबीचा फरक पडतो, तो मिक्सरवर कोणीही भरून काढू शकत नाही कारण दोन्ही आवाज एकाच माइकात आलेत. आता तोच माइक बूम स्टँडवर (आडवा दांडा असलेल्या स्टँडवर) ७ फूट उंच न्या आणि तोंड मागच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे करा. पुढच्या मुलांपासून तो साडेतीन फुटांच्या वर जातो, मागची मुलं पायऱ्यांवर किंवा बाकांवर उभी असल्यामुळे त्यांच्यापासून साधारण आधीसारखाच ७ फुटांवर राहतो, शिवाय पुढची मुलं माइकच्या रोखाच्या खाली येतात म्हणून आणखी थोडी कमी उचलली जातात. ११ डीबीचा फरक ४-५ वर येतो आणि तेव्हा कुठे वृंद एकत्र ऐकू येतो.

रोख पहिल्या रांगेवर धरू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण तेच करून ठेवतो. माइक खाली झुकवला की दुसरंही नुकसान होतं. कार्डिऑइड माइक सगळ्यात बहिरा असतो बरोबर पाठीमागे, ती पाठ स्पीकर आणि मॉनिटरच्या (गाणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरच्या) दिशेला हवी. खाली तोंड केलंत तर पाठ छताकडे जाते आणि स्टेजवरचा मॉनिटर बाजूने आत शिरतो.

दोन माइकांमधलं अंतर हे माइक ते जवळचं मूल या अंतराच्या तिप्पट ठेवा. साडेतीन फूट असेल तर दहा-साडेदहा फूट. त्यापेक्षा जवळ लावले की एकच आवाज दोन माइकांत थोड्या फरकाने पोचतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. स्टेज अरुंद असेल आणि तिसरा माइक या हिशोबात बसत नसेल तर तो काढून टाका, ओढूनताणून बसवू नका. मुलं पसरून उभी असतील तर बाईंना सांगून जवळ जवळ उभी करा, खांद्याला खांदा लागला तरी चालेल, आणि जागा खडूने आखून ठेवा.

आणि कृपा करून स्टँडच्या पायांवर वजन ठेवा, वाळूची पिशवी बांधा, वायरी टेपने चिकटवा. ७ फुटांवर बूम काढलेला स्टँड एका धक्क्यात आडवा होतो आणि मुलं स्टेजवर चालत येत नाहीत, पळत येतात.

मॉनिटरमध्ये फक्त पेटी किंवा ट्रॅक द्या, तोही हळू. मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून वृंदाचे माइक मॉनिटरला द्या असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा, शिट्टी तिथूनच सुरू होते.

पेटी-तबल्याला वेगळे माइक, अगदी जवळून. तबला वृंदाच्या माइकांपासून सहा-आठ फूट बाजूला. सोलो म्हणणाऱ्या मुलीला तिचा स्वतःचा एसएम ५८, फक्त तिच्या ओळीपुरता चालू.

मिक्सरवर १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मुलांचा आवाज २०० च्या खाली फारसा जातच नाही, तिथे फक्त पायांचे आणि वाऱ्याचे आवाज असतात. मग फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हळूहळू वर न्या, ज्या फ्रिक्वेन्सीला शिट्टी वाजायला लागेल ती ग्राफिक इक्वलायझरवर (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी पट्टी असते त्यावर) ३ ते ६ डीबी खाली घ्या, दोन-तीन ठिकाणी केलंत की थांबा, सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या तर आवाजच मरतो. एको अजिबात नको. मुलांचे शब्द आधीच कोवळे, त्यावर एको टाकला की कविता कुठली आहे तेही कळत नाही. थोडा हॉल रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखी हलकी घुमणी) चालेल, तोही बंद हॉलमध्ये नको.

चेक करताना एकाच शिक्षकाने हॅलो हॅलो म्हणून उपयोग नाही, सगळी मुलं आपापल्या जागी उभी करून खरं गाणं दोन कडवी म्हणायला लावा आणि तुम्ही मधल्या रांगेतल्या खुर्चीत बसून ऐका. मागची मुलं अजूनही कमी वाटली तर फेडरला हात न लावता स्टँड आणखी अर्धा फूट वर घ्या. उघड्या मैदानावर असाल तर माइकवर जाड फोम हवाच, आणि स्टेजवरचे उभे पंखे गाण्यापुरते दुसरीकडे वळवा. मुलं चढताना-उतरताना माइक म्यूट, पेटीचा पहिला सूर लागला की चालू, आणि गाणं सुरू असताना फेडरशी खेळू नका.