जुनी स्पोर्ट्‌स कूपे घेताना आधी खाली वाका

डीलरकडची मस्टँग किंवा ऑडी टीटी पॉलिश मारून लखलखीतच उभी असते, त्यामुळे बॉनेटवर भाळू नका. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर या बुटक्या गाड्यांचं पोट घासतंच; पण बंपरखालचे ओरखडे वेगळे आणि ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, पडलेला पोचा वेगळा. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा सेट स्वस्त नसतो, तो भावात धरा. इंजिन गार असतानाच सुरू करून बघा. आधीच तापवून ठेवलं असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या. दिल्ली पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) कोण आणणार, महाराष्ट्राचा रोड टॅक्स कोण भरणार, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या.