भ्या वाटायलंय, प्रार्थना सुचंना, मग काय करायचं?

2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं जो पाऊस झाला त्यानंतर आभाळ नुसतं भरून आलं तरी पोटात गोळा येणारी माणसं आपल्या मंडळीत पण लई आहेत, आणि वसमत-हिंगोलीकडं जमीन हलली की ज्यांनी 1993 ची किल्लारी बघितली ते आजही अंगणात झोपतात. त्यात कुणीतरी शहाणं म्हणतंच, विश्वास आहे ना मग भ्यायचं कामून? त्याचं ऐकू नका. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः म्हणला की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, आणि शिष्यांना म्हणला माझ्यासंगं जागं राहा. भीती वाटली म्हणून विश्वास गेला असं काही नसतंय.

तर सगळ्यात आधी, जे आहे ते तसंच देवाला सांगायचं. पाळकासारखी भाषा लागत नाही. "प्रभू, सोयाबीन पाण्यात गेलं, सोसायटीचं कर्ज तसंच आहे, पोरीची फी भरायचीय, मला लई भ्या वाटायलंय" एवढं म्हणलं तरी ती पूर्ण प्रार्थना झाली. बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बघा, कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत, 13 वं तर "किती वेळ" असंच विचारत सुरू होतंय, आणि 88 वं अंधारातच संपतंय, शेवटी गोड काही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय की नाही?

दुसरं, उपाशी पोटी आणि जागरणात प्रार्थना ताणू नका. एलीया संदेष्टा जीव घेऊन रानात पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. देव बोलला ते नंतर, होरेब डोंगरावर. उपास-प्रार्थना चांगलीच आहे पण अंगात थरथर असताना आधी दोन घास खा.

रात्री दचकून जाग आली तर अख्खा अध्याय वाचत बसायची गरज नाही. 56 व्या स्तोत्रातलं तिसरं वचन पुरे, "मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन". श्वास घेताना अर्धं, सोडताना अर्धं, हळूहळू, छाती जागेवर येईस्तोवर. 91 वं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, म्हणा की, पण ताईत करू नका त्याचा. मंदिराच्या टोकावर उभं करून सैतानानं येशूला उडी मार म्हणताना त्याच स्तोत्रातलं वचन सांगितलं होतं! तवा पाणी वाढायलंय, तलाठी निघा म्हणायलाय, तर निघायचं, प्रार्थना शाळेत जाऊन करायची.

आणि व्हॉट्सॲप. धरण फुटलं, अमुक तारखेला जगाचा शेवट, हे फॉरवर्ड येतच राहणार. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही हे बायबलात मत्तयाच्या 24 व्या अध्यायात साफ लिहिलंय, त्यामुळं तारीखवाले मेसेज सरळ डिलीट. धरणाचं खरं काय ते प्रशासनाच्या सूचनेत बघा, सकाळ-संध्याकाळ एकदा, बाकी टाइम फोन लांब.

एकटं राहू नका हे तर सगळेच सांगतात, पण कसं ते सांगतो. दोन-तीन घरं मिळून संध्याकाळी एकाच्या ओसरीवर बसा, 'उपासना संगीता'तली दोन गीतं म्हणा, सूर लागला नाही तरी चालतंय. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात, पाय खोड्यात, मध्यरात्री गातच होते, तेवढ्यात भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार काढून स्वतःला संपवणार, तर पौल ओरडला, स्वतःला काही करून घेऊ नको, आम्ही सगळे इथंच आहोत.

आपल्याकडं कर्जापायी किती घरं उजाडली ते सांगायला नको. कुणी जेवण सोडलं, बोलणं सोडलं, "आता काही खरं नाही" म्हणू लागलं, तर "प्रार्थना करतो" म्हणून निघून येऊ नका, जवळ बसा, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि टेली-मानसचा, म्हणजे मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 लावून द्या, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतंय. डॉक्टरची गोळी चालू असंल तर ती पण चालूच ठेवायची, कुणी विश्वासानं बंद कर म्हणलं तरी.