ड्राय फ्लाय जास्त वेळ तरंगती ठेवण्यासाठी: कोल्हापूरच्या उन्हापावसातील गळकऱ्यांसाठी

ड्राय फ्लाय म्हणजे गळावर पिसे आणि धागा बांधून केलेले, पाण्यावर तरंगणारे कीटकासारखे आमिष. तिचा गळ पोलादाचा असतो आणि पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असते. तरीही ती फ्लाय पाण्यावर राहते, कारण तिच्या पिसांचे असंख्य तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात आणि पृष्ठताणामुळे तो पृष्ठभाग त्यांच्याखाली फाटत नाही. तंतू ओले झाले की पाणी त्यांच्यामधल्या फटींत शिरते, तिथली हवा बाहेर पडते आणि फ्लाय खाली जाते. फ्लोटंट म्हणून विकले जाणारे प्रत्येक औषध अळूच्या पानावर दिसणारी गोष्टच साधू पाहते: पाणी पसरू नये, थेंब होऊन घरंगळून जावे. म्हणून फ्लोटंट नेहमी पूर्ण कोरड्या फ्लायलाच लावावे. ओल्या फ्लायवर वंगण चोळल्यास आतले पाणी आतच कोंडले जाते, आणि अशी फ्लाय न माखलेल्या फ्लायपेक्षाही लवकर बुडते.

तयारी फ्लाय बांधतानाच सुरू होते. कोंबड्याच्या मानेवरची ताठ, चकचकीत पिसे पाणी कमी धरतात; पिसाच्या बुडाजवळचा मऊ, लवदार भाग मात्र पाणी शोषतो आणि तो काढून टाकणेच बरे. आपल्याकडे जून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे या कामाला ब्रॉयलरच्या पिसांपेक्षा कितीतरी सरस ठरतात. इचलकरंजी जवळ असल्यामुळे सुती धागा हाताशी असतो, परंतु सूत पाणी पिते. म्हणून बांधणीसाठी पॉलिएस्टरचा बारीक धागा घ्यावा आणि अंगासाठीही कृत्रिम तंतू वापरावेत. परदेशी नमुन्यांत हरणाचे हवा धरून ठेवणारे केस सांगितलेले असतात. राधानगरी किंवा दाजीपूरच्या जंगलात पडलेले सांबर-चितळाचे केसही उचलू नयेत, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे. त्यांच्या जागी बंद छिद्रांच्या फोमची पातळ पट्टी वापरावी. तिला जलरोधक लेपाची गरजही नसते.

माझ्या मते सर्वांत मोलाचा लेप घरी, मासेमारीच्या आदल्या दिवशी किंवा त्याही आधी द्यायचा असतो. यासाठी तयार द्रव मिळतात. त्यांत फ्लाय बुडवून, निथळवून साधारण २४ तास वाळू द्यावी लागते, तरच लेप तंतूंवर पक्का बसतो. घरगुती पर्याय म्हणजे साध्या पांढऱ्या मेणबत्तीच्या पॅराफिनचा बारीक कीस लायटरमध्ये भरायच्या द्रव इंधनात विरघळवणे. मेण लवकर विरघळत नसल्यास बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी, मात्र ते पाणी दुसरीकडे तापवून आणावे आणि झाकण सैल ठेवावे, कारण या द्रवाची वाफ झटकन पेट घेते. जवळपास गॅस, देव्हाऱ्यातला दिवा किंवा उदबत्ती असता कामा नये. द्रावण किती दाट असावे, हे एका जुन्या फ्लायवर पाहावे: वाळल्यावर पिसांवर पांढरे कण दिसले तर मेण जास्त झाले, आणखी द्रव घालावा, तंतू मोकळे आणि नेहमीच्या रंगाचे राहिले तर प्रमाण बरोबर आहे. फ्लाय चिमट्याने धरून क्षणभर बुडवावी, झटकावी आणि वाऱ्याच्या जागी वाळवावी. वास पूर्ण गेल्याशिवाय ती डबीत ठेवू नये, नाहीतर तो द्रव डबीतल्या फोमला खाऊ शकतो. उरलेले द्रावण गटारात किंवा नदीत मुळीच ओतू नये.

पाण्याकाठी लावायचे सिलिकॉनचे जेल हा दुसरा लेप. येथे चूक होते ती प्रमाणाची. मोहरीएवढा थेंब बोटांच्या टोकांत चोळून तो जवळजवळ दिसेनासा झाल्यावर ती बोटे पिसांवरून हलकेच फिरवावीत. तंतू एकमेकांना चिकटले तर त्यांच्यामधली हवा गेली आणि लेपाचा उपयोगच संपला. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ही जेले पातळ होऊन बाटलीतून भसकन बाहेर येतात, म्हणून बाटली उन्हातल्या गाडीत न ठेवता पिशवीच्या सावलीच्या कप्प्यात, तोंड वर करून ठेवावी. पेट्रोलियम जेली वेळेला चालते, पण उन्हात वितळून पाण्यावर तेलकट तवंग सोडते.

अंग पाण्याखाली आणि केवळ पंख वर, अशा बांधणीच्या फ्लायला, उदाहरणार्थ क्लिंकहॅमरला, पंख आणि वरची पिसे एवढ्यांनाच लेप द्यावा. अंगाला दिला तर तिचा डौलच बिघडतो. दोरीच्या शेवटच्या बारीक तुकड्यालाही वंगण लागू देऊ नये, कारण तरंगणारी बारीक दोरी शांत पाण्यात माशाला चटकन दिसते.

बदकाच्या तैलग्रंथीभोवतीच्या मऊ पिसांचा, म्हणजे सीडीसीचा, नियम वेगळा आहे. त्यांना जेल किंवा मेण कधीही लावू नये. त्यांचे सूक्ष्म फाटे हवा धरून ठेवतात आणि वंगणाने ते एकत्र चिकटतात. त्यांच्यासाठी जलरोधक सिलिकाची अतिशय मऊ पूड छोट्या ब्रशने पिसांत भरावी व जादा पूड फुंकून टाकावी. ही पूड नाकात जाऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

मासा लागल्यावर फ्लायला त्याचा चिकट स्राव लागतो आणि त्यावर कोणताही लेप बसत नाही. म्हणून आधी फ्लाय स्वच्छ पाण्यात खळखळून धुवावी, सुती फडक्यात दाबून पाणी टिपावे, मग हवेतल्या हवेत दोनचार वेळा दोरी फिरवून उरलेले थेंब झटकावेत आणि त्यानंतर तिला पाणी शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसह डबीत हलवावे. बुटांच्या किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यात येणाऱ्या पुड्यांतले पांढरे दाणे यासाठी पुरतात. निळे दाणे घेऊ नयेत. ओलावा दाखवण्यासाठी त्यांत सहसा कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः गगनबावड्याच्या बाजूला, हवाच इतकी दमट असते की डबी उघडीझाक करतानाच दाणे ओलावा ओढून घेतात. असे दाणे घरी ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

जागेचाही परिणाम होतो. पंचगंगेच्या घाटाजवळ, जिथे कपडे धुतले जातात, तिथे साबण आणि डिटर्जंटमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व उत्तम लेप दिलेली फ्लायही पटकन भिजते. अशा ठिकाणी लेपाला दोष न देता वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्याकडे सरकावे. हाताला लागलेला साबण किंवा उन्हाचे क्रीम हेही तेच नुकसान करतात, म्हणून फ्लाय दोरीला बांधण्यापूर्वी बोटे नुसत्या पाण्याने नीट धुऊन पुसावीत. कोणत्याही तलावावर जाण्यापूर्वी तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्यावी आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नये.

घरी परतल्यावर डबी रात्रभर उघडी ठेवावी, नाहीतर गळ गंजतात आणि गंजाचे डाग पिसांवर उतरतात. दबून वाकड्या झालेल्या फ्लाय चिमट्यात धरून उकळत्या किटलीच्या वाफेत काही क्षण ठेवाव्यात. तंतू आपोआप ताठ होतात. त्या पूर्ण वाळल्या की पुन्हा मेणाच्या द्रावणात बुडवाव्यात.