खान्देशच्या उन्हाळ्यात मेटलसाठी बेस गिटार लावताना

हेवी मेटल संगीत वाजवायचे तर महागडीच बेस गिटार (खालच्या जाड सुरांची गिटार) हवी, हा समज बाजूला ठेवून खरेदीला निघावे. आयबानेझची जीएसआर२०० किंवा यामाहाची टीआरबीएक्स१७४ ही सुरुवातीच्या दर्जाची वाद्ये या कामाला पुरी पडतात. दोन्हींची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंची असून पुढचा पिकअप (तारेची कंपने टिपणारा चुंबकीय भाग) फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या पद्धतीचा आहे, आणि आयर्न मेडन या मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस तर अनेक दशके प्रिसिजन बेसच वाजवत आला आहे. वाचलेले पैसे सेटअप (वाद्याची जुळणी) आणि तारांवर खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून कुरिअरने आलेले खोके काही तास घरातच तसेच ठेवून मग उघडावे. नंतर नेकच्या (वाद्याच्या लांब दांडीच्या) कडेवरून तळहात फिरवून पाहावा. कोरड्या हवेत लाकूड आकसते, नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, मात्र आकसत नाहीत. त्यामुळे त्यांची टोके बाहेर येऊन टोचू लागतात. ती जाणकाराकडून बारीक कानसीने घासून घ्यावीत. वाद्य कूलरच्या झोतात ठेवू नये, ही सूचना आपल्याकडे विशेष गरजेची आहे.

नेकचा बाक घरीही तपासता येतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट पाहावी. तिथे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे. फट जास्त असल्यास ट्रस रॉड (नेकमधली बाक सुधारणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून अधिक नाही, फिरवून तार पुन्हा सुरात आणावी व दुसऱ्या दिवशी परत पाहावे. पावसाळा लागला की हीच तपासणी पुन्हा करावी लागते.

ड्रॉप डी या सुरावटीसाठी केवळ सर्वांत जाड ई तार एक पूर्ण स्वर उतरवायची असल्याने नेहमीचा ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या तारांचा संच चालतो. ती तार बी स्वरापर्यंत उतरवायची असेल, तर सुमारे ०.१३० इंचाची तार घ्यावी. बारीक तार तिथे लोळते आणि फ्रेटवर खडखडते.

डिस्टॉर्शन (आवाज फाटका-खरखरीत करणारा परिणाम) चढवले की खालचा भार हरवतो, म्हणून स्वच्छ आवाज सोबत मिसळू देणारे पेडल निवडावे. मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कमी करण्याचा मोह टाळावा. घरात एकट्याने वाजवताना तो आवाज भारदस्त वाटतो, पण दोन गिटारींच्या गर्दीत बेस ऐकूच येत नाही. वीज जाण्याचा त्रास असेल, तर बॅटरीवरचा हेडफोन ॲम्प सोयीचा पडतो. जीएसआर२०० मध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल जॅकमध्ये असेपर्यंत ती खर्च होत राहते, तेव्हा वाजवणे संपताच केबल काढून ठेवावी.